दोष किती, ते सांगणार नाही

"मागच्या वेळी हळू मारलीस, म्हणून नापास झाले," बोग्ना नवऱ्याला म्हणाली. "आज जरा जोर लाव."

ओल्गिएर्दने इकडेतिकडे पाहिलं आणि भर रस्त्यात बायकोच्या ढुंगणावर सणसणीत लाथ घातली. परीक्षेआधीची शकुनाची लाथ ती, तिला कोण नावं ठेवणार? ट्रामची वाट पाहणाऱ्या म्हातारीनेसुद्धा पसंतीची मान हलवली.

"बसली ना नीट?" त्याने विचारलं.

"बसली. आता पास झाले नाही तर दोष तुझ्या पायाचा."

बोग्नाने हसत नवऱ्याचा निरोप घेतला. नेटवर्कची ही प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे खऱ्या यंत्रांशी दिवसभराची झोंबाझोंबी. तिची ही तिसरी खेप, आणि कंपनीने बजावलं होतं की हीच शेवटची. पास झाली तर नेटवर्क उभारणाऱ्या गटात जागा. नापास झाली तर पुन्हा मदतकक्षाची खुर्ची, कानाला हेडफोन आणि जन्मभर एकच रडगाणं, 'अहो, नेट चालत नाही.' परक्यांची बिघडलेली नेटं निस्तरून तिला वीट आला होता.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या टॅक्सी कंपनीतली एक बाई भेटली. हातात कॉफी, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"दुसऱ्या मजल्यावर? म्हणजे परीक्षा!" बाई म्हणाली. "मजा आहे तुमची. आमच्याकडे कालपासून माश्या मारतोय. आमचे फोन नेटवरचे, गिऱ्हाइकाचा एक आत येईल तर शपथ! बरं, यश मिळो तुम्हाला."

बोग्ना नुसती हसली. शुभेच्छांबद्दल आभार मानले की काम फिसकटतं, हे व्रोत्सवाफ शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

हॉलमध्ये पाच-सहाजण बसले होते. पर्यवेक्षक तेओफिल व्रोना यांनी प्रत्येकाला एकेक कागद दिला.

"तुमची यंत्रं पलीकडच्या खोलीतल्या रॅकवर आहेत," ते म्हणाले. "मी फक्त वेळ सांगणार. बाकी मला काही विचारू नका, मी ढिम्म हलणार नाही."

कागदावर प्रश्न एकच होता. 'या नेटवर्कमध्ये दोष आहेत. किती, ते सांगणार नाही. शोधा आणि दुरुस्त करा.'

बोग्नाने आधी केबल तपासली. दुखणं डोक्यात शोधण्याआधी पाय बघावेत, अशी तिची शिस्तच होती. आणि बघा, निघालंच! टेबलामागच्या भिंतीत दोन पॉइंट होते आणि तिची केबल त्यातल्या एकात सैल लटकत होती. तिने ती उपसली आणि शेजारच्या घट्ट पॉइंटमध्ये खट्‌कन बसवली. पहिला सापळा ओळखला म्हणून ती मनातल्या मनात खूश झाली.

दुसरा सापळा लगेच आला. कागदावरचा पासवर्ड चालेना. तिने नव्या यंत्राबरोबर कारखान्यातून येतो तो पासवर्ड टाकून पाहिला. दार उघडलं! पेपर काढणारा बेरकी होता.

आणि पुढे काय तो पसारा! राउटर एकमेकांकडे बोट दाखवत होते, निरोप गोल गोल फिरून दमून मरत होते. एका स्विचच्या सेटिंगमध्ये कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'हात लावू नये. मारेक.' बोग्ना खुदकन हसली. असला अस्सल गोंधळ घालायलाही बुद्धी लागते. तिने मारेकच्या नाकावर टिच्चून हात लावला.

दुपारी तिने सँडविच एका हाताने खाल्लं. दुसरा हात कीबोर्डवरून निघेना. एकेक गाठ सुटत होती. आधीच्या दोन्ही वेळी ती भीत भीत चालली होती. आज ती धावत होती.

जेवणानंतर थोड्याच वेळात वरच्या मजल्यावर टॅक्सी कंपनीत फोन वाजायला लागले. एक थांबतो तोच दुसरा, मग चार-पाच एकदम. माणसांची धावपळ, खुर्च्यांचा खरखराट.

"लोकांना आजच कुठे मरायला जायचंय?" शेजारचा दाढीवाला उमेदवार कुरकुरला. "सर, वर जाऊन सांगा ना काहीतरी!"

"ते माझं काम नाही," व्रोना म्हणाले आणि ढिम्म बसून राहिले.

बोग्नाने कानात बोळे घातले. शेवटची गाठ सुटली तेव्हा हातात अजून वेळ होता. तिने सगळं पुन्हा तपासलं. इकडून पाठवलेलं तिकडे पोचत होतं, तिकडचं इकडे येत होतं, कुठे अडत नव्हतं. असं देखणं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. ओल्गिएर्दच्या पायाचा मुका घ्यावा असं तिला वाटलं.

"वेळ संपली," व्रोना म्हणाले. ते आपल्या स्क्रीनवर एकेकाचे गुण बघू लागले. बघता बघता थबकले. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर घेतला.

"बोग्नाबाई, इकडे या जरा. तब्येत बरी आहे ना?"

"एकदम ठणठणीत! का हो सर?"

"नाही, म्हटलं घाबरलात की काय. अवघड होता का पेपर?"

"अवघड? सर, इतका झकास पेपर मी बघितलेला नाही. आणि तो मारेक! हसून हसून पुरेवाट झाली. कुणाच्या डोक्यातून निघाला हो?"

"कोण मारेक?"

बोग्ना हसायची थांबली. व्रोनांनी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. तिच्या नावापुढे शून्य होतं.

"तुमच्या रॅकला सकाळपासून कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही," ते म्हणाले. "मग दिवसभर बसून तुम्ही दुरुस्त केलंत, ते कुणाचं?"