खडूची पावलं

शर्वरीने मैदानालगतच्या फरशीवर खडूने पावलं काढली, तीन मागं आणि एक पुढं.

"ह्यावरनं चाल. म्हैस तळ्यात उतरल्यागत पाय टाकू नकोस," ती रेवाला म्हणाली. रेवा खुदकन हसली.

जिल्ह्याच्या फ्लॅग फुटबॉल संघात क्वार्टरबॅकची, म्हणजे लंबगोल चेंडू फेकणारीची, एकच जागा होती, दावेदार ह्या दोघी होत्या आणि निवड दुपारी होती. शर्वरी माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे पाय अचूक पडायचे, पण चेंडू हातातून उशिरा सुटायचा आणि तोवर समोरच्या मुली वाट अडवायच्या. रेवा दिवाळीनंतर आली. तिचे पाय एकमेकांत अडकायचे, चेंडू मात्र बोटांतून कधी सुटला ते कळायचंही नाही.

"पाय बसले की हात आपोआप बसतो," असं मी सगळ्याच मुलींना सांगायचो. शर्वरीने ते मनापासून मानलं. मी म्हटलं म्हणून रेवाचे पायही तिनेच बसवले.

रेवाने खडूच्या पावलांवरून मागे जात चेंडू फेकला. एकही पाय चुकला नाही. शर्वरीने टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबली.

"सर, हिचे पाय माझ्यासारखे झाले. माझा हात हिच्यासारखा कधी होणार?"

"एकदा टाक बघू."

तिने टाकला. पाय अचूक पडले. चेंडू उशिराच सुटला.

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि पुसट झालेलं एक पाऊल तिने खडूने पुन्हा गडद केलं.

"परत चाल गं," ती रेवाला म्हणाली. "दुपारी चुकशील."