बाईंची रेघ

“वेणी बाजूला घे गं, बाईंचा कॉम्प्युटर दिसत नाहीये!” माझ्या कॉम्प्युटरभोवती दाटलेल्या मुलींची ही रोजची कुरकुर. त्या गर्दीत माझा कापरा हात खपून जायचा.

आज नव्या सॉफ्टवेअरमुळे माझा स्क्रीन प्रत्येकीच्या कॉम्प्युटरवर दिसू लागला. मुली खूश झाल्या, मला घाम फुटला. हाताचं कापणं उघडं पडलं, की शाळा हा तास दुसऱ्या कुणाला तरी देणार.

चित्र शिकवायला सरळ रेघ ओढायला गेले. ती चढली, घसरली, पुन्हा चढली, सगळ्या पडद्यांवर एकाच वेळी. कुणी हसलं नाही. मी माऊस सोडला.

“थांबू नका ना, बाई!” वेणीवालीचे डोळे पडद्यावर खिळले होते. “खिडकीतला डोंगर येतोय. आमचा असा येत नाही. तुमचा हात कापतो ना, म्हणून येतोय.”