अंगठ्याची पारख

घाणेकर सरांनी फोमचे दोन्ही तुकडे अंगठ्याने दाबून पाहिले आणि लोण्यासारखा मऊ तुकडा शरयूपुढे सरकवला. "बुटात हाच घाल."

"सर, हा महिनाभरात दबून पापड होईल." मधुमेहींच्या बुटांत तळपायाखाली घालायचे इनसोल बनवण्यात शरयूची वीस वर्षं गेली होती. "तुमचे तळपाय बधिर झालेत. घट्ट फोम घ्या, तो वजन पेलतो."

"नववीला विज्ञानात किती होते गं तुला?"

एक्केचाळीस होते, आणि पेपर सरांनीच तपासला होता. शरयूने मऊ फोम कापला.

महिन्याने सर पेढे घेऊन आले, त्यातला एक वाटेतच खाऊन. "रोज तीन किलोमीटर चालतो. कुठे काही दुखत नाही. शेवटी ज्याचा पाय, त्यालाच कळतं."

शरयूने त्यांचा बूट काढला. फोमचा पापड झालाच होता, आणि मोज्याला चवड्याखाली रुपयाएवढा रक्ताचा डाग होता.

तिने जखमेवर पट्टी बांधली, डॉक्टरांना फोन केला आणि घट्ट फोम सरांच्या हातात ठेवला.

सरांनी तो अंगठ्याने दाबून पाहिला.

"हा टोचेल गं मला."