त्र्याऐंशीचा आकडा

“त्र्याऐंशी? हिनं?” नवरा पोट धरून हसायला लागला. “अहो साहेब, हिला सायकलवाले मागे टाकतात!”

पोलिसानं हातातल्या रडारचा पडदा पुन्हा खिडकीशी धरला. रस्त्याची मर्यादा साठ, आकडा त्र्याऐंशी. बायको स्टिअरिंग धरून समोर बघत बसली होती. बोलून बिघडवावं असा दिवस नव्हता. सोमवारी तिला शेजारच्या शहरात नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं, आणि तेही स्वतः गाडी चालवत. नवऱ्याचं मत, ड्रायव्हर ठेवावा. ही निघाली तर ऑफिस सुटायच्या वेळेला पोचेल. म्हणून आज तिची परीक्षा होती. परीक्षक निम्म्या वाटेत झोपले ते पोलिसानं काच वाजवल्यावरच उठले, ही गोष्ट वेगळी.

नवरा विजेची मीटरं तपासायच्या खात्यात होता. जगातलं कुठलंही मीटर त्याच्या लेखी जन्मजात लबाड.

“यंत्र सकाळीच तपासलंय,” पोलीस म्हणाला. “ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठरावीक सुरात कंपणारा लोखंडी चिमटा, वाजवून समोर धरायचा. ठरलेला आकडा आला म्हणजे यंत्र बरोबर.”

“यंत्र बरोबर असेल हो. पण त्यानं बघितलं कुणाला?” नवरा आता रंगात आला. “लेझर असता तर गोष्ट वेगळी. त्याचा झोत बारीक, धरला त्या गाडीवरच पडतो. रडारच्या लहरी लांब जाऊन रस्ताभर पसरतात. त्यात दोन गाड्या सापडल्या की मोठं धूड छोट्याला झाकून टाकतं. आकडा धुडाचा आणि दंड आम्हाला! खरं सांगा, हिच्यामागे मोठी गाडी होती की नव्हती?”

पोलीस घुटमळला. माणूस सरळ होता, बिचारा.

“ट्रक होता एक. अगदी मागोमाग. तुम्हाला बाजूला घेतलं आणि तो गेला पुढे.”

“झालं तर!” नवऱ्यानं मांडीवर थाप मारली. “अहो, हिचा पाय ॲक्सिलरेटरवर पडतो तो सुद्धा त्याची परवानगी घेऊन.”

पोलिसालाही हसू आलं. त्यानं यंत्र खाली केलं. लेझरची बंदूक दुरुस्तीला गेली होती, आणि शंका असताना दंड करणं त्याच्या मनाला पटेना.

“जाऊ द्या मॅडम. ट्रकचाच वेग असणार. या तुम्ही.”

“ऐकलंस ना?” नवरा ऐटीत मागे रेलला. “वाचवलं की नाही तुला? आता हट्ट पुरे. उद्याच ड्रायव्हर बघतो.”

दंड टळला होता. फक्त किल्ली फिरवून निघायचं होतं. तिनं किल्ली फिरवलीही. इंजिन सुरू झालं. शेजारी तिला नवरा दिसला, पुन्हा डोळे मिटून घेणारा, तृप्त. तिच्या डोक्यात सणक गेली. तिनं इंजिन बंद केलं आणि काच पूर्ण खाली घेतली.

“अहो साहेब, त्या ट्रकवाल्याला उगाच बोल लावू नका,” ती म्हणाली. “मघाशी तो माझ्या पुढे होता. पुलावर मी त्याला मागे टाकलं. फाडा पावती.”