भाजीचा चाकू

“तो भाजीना चाकू दे बरं जरा,” निंबा म्हणाला. “माप घेवानं शे.”

सरलाबाईचा हात पिठातच थांबला. चाकू घरात नव्हता. चार महिन्यांपासून नव्हता. निंबाने तो आज पहिल्यांदा मागितला होता.

निंबा वीस वर्षं सुरतेत लूमच्या खात्यात, कापड विणायच्या कारखान्यात, होता. प्लेगच्या धास्तीनं त्यांची अर्धी वस्ती, अर्धं नवागाम, गावाकडे खानदेशात पळालं, तेव्हाही तो खातं सोडून हलला नव्हता. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर त्याचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तीन बोटं गेली.

जखम भरली, पण माणूस भरून आला नाही. तो जेवायचा नाही, बोलायचा नाही, कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एकदा सरलाबाई नळावरून हंडा घेऊन आली, तर तो चुलीपाशी बसला होता. मांडीवर चाकू. नजर कुठेच नाही. “काय करी ऱ्हायनात?” तिनं विचारलं. “कांदा कापी ऱ्हायनू,” तो म्हणाला. घरात त्या दिवशी एकही कांदा नव्हता.

त्याच दुपारी चाकू आणि विळी पदराखाली घेऊन ती शेजारच्या शोभाबाईकडे गेली. “ठेवून घ्या,” एवढंच म्हणाली. शोभाबाईनं कारण विचारलं नाही. तेव्हापासून सरलाबाई रोजची भाजी तिच्या ओट्यावर चिरून आणायची. घरी म्हणायची, तिथं गप्पा होतात.

मग निंबा नाक्यावरच्या हिलालकडे जाऊन बसू लागला. हिलाल पारोळ्याकडचा, चपला शिवायचा. गाववाला म्हणून त्यानं बसायला पोतं दिलं, आणि एक दिवस हातात चामड्याचा तुकडा दिला. कापायचं आणि भोकं पाडायचं काम हिलाल करी. निंबा फक्त शिवायचा. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. चामडं गुडघ्यांत धरायचं, डाव्या हातानं एक सुई घालायची, दुसरी उजव्या अंगठ्यात आणि करंगळीत पकडून त्याच भोकातून उलटी काढायची, आणि दोन्ही टोकं ओढायची. पहिले आठ दिवस सुई पडत होती. तो उचलत होता. चष्म्याचं घर त्यानं तीनदा उसवलं, चौथ्यांदा टाके सरळ आले. कुणी म्हणालं, धंदा चांगला आहे. त्यानं नाही म्हणून मान हलवली. त्याला धंदा करायचा नव्हता. दोऱ्याला मेण लावताना त्याचं मन लागत होतं, तेवढंच. घरी आल्यावर तो आपणहून भाकरी मागू लागला होता.

आणि आता त्याला चाकूसाठी म्यान शिवायचं होतं.

सरलाबाईनं हात धुतले. नाही म्हणावं, तर चार महिन्यांत कसाबसा सावरलेला माणूस पुन्हा भिंतीकडे वळेल. हो म्हणावं, तर... तिनं पुढचा विचार केला नाही. ती शोभाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

“चाकू द्या.”

शोभाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. “मी येऊ का सोबत?”

“नको.”

चुलीवरचा तवा तापून धूर सोडत होता. सरलाबाईनं तो उतरवला आणि निंबाच्या समोर बसून राहिली. त्यानं चाकू चामड्यावर ठेवला, डाव्या हातानं पेन्सिल सावकाश फिरवली, पात्याची रुंदी दोनदा ताडून पाहिली. मग मूठ तिच्याकडे करून चाकू परत दिला.

“जाय, ठेवी ये.”

कुठे, ते त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

हिलालनं कापून, भोकं पाडून दिलेलं चामडं घेऊन पुढचे आठ दिवस तो उंबऱ्यात उजेडाला बसून शिवत होता. टाका वाकडा गेला की उसवायचा, दोरा पुन्हा ओवायचा. राहिलेली करंगळी दोऱ्यानं कापली गेली, तिला त्यानं चिंधी गुंडाळली. सरलाबाईला वाटायचं, म्यान लवकर पुरं व्हावं. आणि होऊ नये, असंही वाटायचं. ते झालं की चाकू घरात येणार होता.

नवव्या दिवशी त्यानं चाकू मागितला. तिनं आणला. पातं म्यानात अलगद गेलं आणि घट्ट बसलं. निंबानं ते उलटं धरून हलवलं. चाकू निसटला नाही. कितीतरी महिन्यांनी तिनं त्याच्या चेहऱ्यावर समाधान पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं एकदाचं, असं तिला वाटलं.

“चांगलं झायं,” ती म्हणाली. “चुलीवरच्या खिळ्याले टांगी देऊ?”

“नको.”

त्यानं म्यान पालथं केलं. मागच्या बाजूला चामड्याची एक पट्टी शिवलेली होती, परकराची नाडी ओवता येईल एवढी. तिचे टाके सगळ्यांत बारीक होते.

“भाजी चिराले रोज शोभाबाईकडे जानं पडस तुले,” तो म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला, पण नजर तिच्यावरून हटली नाही. “हाई तुन्ही कमरले बांध. सोडू नको. आजून माले मन्हाच भरोसा नई.”