अलीची आई

कॉलऱ्याने ओकणाऱ्या बायका दवाखान्यात येत होत्या. मला ओकाऱ्यांची नाही, त्यांच्या नवऱ्यांची किळस येत होती.

"पेशंटचं नाव सांगा."

"परक्या माणसांत बायकोचं नाव घेऊ?" गालात कात नावाच्या नशेच्या झाडाचा पाला कोंबलेला एकीचा नवरा, मुसइद, खेकसला. "लाज वाटत नाही, सिस्टर? लिहा, अलीची आई!"

आमच्या गावात घरोघरी थोरला मुलगा अलीच. कॉम्प्युटरवर सगळ्या बायकांचं तेच नाव भरलं. बायका मरायला लागल्या, तरी सलाईनची गाडी येईना. शेवटी शहरातल्या साहेबांना फोन लावला.

साहेब हसले. "अहो, तुमच्या गावात एकच तर पेशंट आहे! त्याच नावाच्या जादा नोंदी कॉम्प्युटर आपोआप पुसतो."



"साहेब, इथे रोज बायका मरताहेत!" मी ओरडले, तसे ते पुन्हा हसले.

"एकट्या अलीच्या आईला किती वेळा मारणार, सिस्टर?"