संकष्टीचा फोन

“बुधवारी रात्री रेवती तुमच्याशी बोलली, हे नक्की?” इन्स्पेक्टर मुलाणींनी पुन्हा विचारलं.

शेवंताबाईंनी मान खाली घातली. जावई छातीठोकपणे सांगत होता की, गुरुवारी रेवतीला गुंडांनी पळवून नेलं आणि मग मारलं. डॉक्टर म्हणत होते, तिचा जीव सोमवारीच गेला. मधल्या दिवसांना साक्ष एकच, आईला आलेले तिचे फोन.

“बोलली ती रेवती, की तिची सावली?”

सावली आता घरोघरी झाली होती. माणूस कामात असला की त्याचा फोनच त्याच्या आवाजात बोलायचा, हसायचा, आईची विचारपूसही करायचा. लोकांना तेवढीच सोय.

“बुधवारी संकष्टी होती,” शेवंताबाई म्हणाल्या. “तिच्या घरापुढं डोंगर, चंद्र लवकर दिसत नाही. लग्न झाल्यापासून दर संकष्टीला मलाच विचारायची, आई, चंद्र दिसला का? मी हो म्हटल्याशिवाय घास घ्यायची नाही. बुधवारी मात्र तिनंच मला चंद्रोदयाची वेळ सांगितली.”

“म्हणजे तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?”

“कळलं होतं. पण मी तोंड उघडलं असतं, तर तोही आवाज बंद झाला असता.”

मुलाणींनी सावली बंद करायचा हुकूम सोडला. हुकूम पोहोचण्याआधीच शेवंताबाईंचा फोन वाजला.

“आई, कशी आहेस?” रेवतीच्या आवाजानं विचारलं.

बाहेर टळटळीत ऊन होतं. शेवंताबाई फोनवर वाकल्या.

“दिसला गं चंद्र. जेव आता.”